मांजर, शिंका आणि मात्रा

भाताच्या ताटात मांजराचा केस दिसला की चेन्नईतली आजी ताट बाजूला सारते. केस पोटात गेला तर ‘वीसिंग’ लागेल, ही तिची भीती. हा मूळचा इंग्रजी शब्द तिकडच्या तमिळ बोलण्यात घरचाच झाला आहे. छातीतली शिट्टी, धाप, रात्रीचा कोरडा खोकला, सगळ्याला मिळून ‘वीसिंग’ म्हणतात. महाराष्ट्रातल्या आजीचं म्हणणं फारसं वेगळं नाही. मांजराचा केस पोटात गेला की दमा होतो, हे आपणही लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

या समजुतीत निम्मं खरं आहे आणि निम्मं चुकीचं. पोटात गेलेला केस पचत नाही, तो जसाच्या तसा बाहेर पडतो. त्याने दमा होत नाही. पण मांजर असलेल्या घरात काही माणसांचा श्वास अडतो, हे निरीक्षण अगदी अचूक आहे. ते ज्यांनी प्रथम केलं त्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक नव्हता. डोळ्यांना दिसत होता तो केस, म्हणून आरोप त्याच्यावर गेला.

या प्रकरणाचा विषय तेच घर आहे. घरात मांजर आहे, घरातल्या एकाला तिचा त्रास होतो, आणि दोघांपैकी कुणालाच बाहेर काढायची कुणाची इच्छा नाही. अशा घरात एकत्र राहणं जमतं का? पुष्कळ घरांत जमतं, काही घरांत जमत नाही. आपलं घर यातलं कोणतं, हे ठरवायला एक शब्द मनाशी धरावा लागतो : मात्रा. वैद्य औषधाची मात्रा सांगतो तशी त्रासाचीही मात्रा असते. ती मोजता येते, कमी करता येते, आणि ती कमी होत नसेल तर तेही वेळेवर ओळखता येतं.

केसावर बसलेलं प्रथिन

मांजराच्या अ‍ॅलर्जीचं मुख्य कारण म्हणजे एक प्रथिन. शास्त्रज्ञ त्याला ‘फेल डी १’ म्हणतात. मांजराचं शास्त्रीय नाव ‘फेलिस डोमेस्टिकस’ असं लिहिलं जाई, त्याची ही आद्याक्षरं, आणि १ म्हणजे सापडलेलं पहिलं. अमेरिकेत जॉन ओमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात ते वेगळं काढलं. १९९१मध्ये त्याची जनुकीय रचनाही उलगडली. मांजराची अ‍ॅलर्जी असलेल्या दहा माणसांपैकी नऊ किंवा त्याहून अधिक जणांच्या शरीरात याच एका प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं सापडतात.

हे प्रथिन मांजराच्या त्वचेतल्या तैलग्रंथींत, लाळग्रंथींत आणि गुदद्वाराजवळच्या ग्रंथींत तयार होतं. मांजर दिवसाचा मोठा वेळ स्वतःला चाटण्यात घालवते. लाळ केसांवर पसरते, वाळते आणि तिचा भुगा होतो. त्वचेचे सूक्ष्म पापुद्रेही त्यात मिसळतात. म्हणजे केस हे या प्रथिनाचं वाहन आहे. म्हणूनच कमी केसांची मांजर आणली की त्रास होणार नाही, हा हिशेब चुकतो. केस नसलेल्या जातीच्या मांजरीलाही कातडी असते आणि लाळही.

आता या भुग्याचा आकार पाहू. माणसाचा एक केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. मांजराचं प्रथिन वाहणाऱ्या कणांपैकी बरेचसे ५ मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. इतका हलका कण लवकर खाली बसत नाही. तो तासन्‌तास हवेत तरंगतो, पंख्याच्या झोताबरोबर या खोलीतून त्या खोलीत जातो आणि श्वासाबरोबर फुप्फुसांच्या बारीक नळ्यांपर्यंत उतरतो. मांजर समोर नसतानाही तिच्या खोलीत पाऊल टाकताच शिंका का येतात, याचं उत्तर इथे आहे.

हे प्रथिन चिकटही असतं. भिंतीला, पडद्याला, सोफ्याला आणि कपड्यांना ते धरून राहतं. मांजर आपली पिल्लं सात घरं फिरवते असं आपण म्हणतो. तिचं प्रथिन माणसांच्या कपड्यांवर बसून त्याहून अधिक घरं फिरतं. स्टॉकहोममध्ये दमा असलेल्या शाळकरी मुलांचा अभ्यास झाला, तो २००१मध्ये प्रसिद्ध झाला. या मुलांच्या स्वतःच्या घरी मांजर नव्हती. तरीही ज्या वर्गांत मांजर पाळणाऱ्यांची संख्या जास्त होती, त्या वर्गांतल्या मुलांचा दमा सुटीनंतर शाळा सुरू झाल्यावर बळावण्याची शक्यता इतर वर्गांतल्या मुलांच्या नऊपट निघाली. मांजर शाळेत आलीच नव्हती. आले होते ते सोबत्यांचे कपडे.

सगळ्या मांजरी सारखं प्रथिन तयार करत नाहीत. नसबंदी न झालेला बोका सर्वांत जास्त करतो, कारण नर संप्रेरकाने या ग्रंथींना चालना मिळते. नसबंदीनंतर हे प्रमाण उतरतं. मांजरी-मांजरींतही मोठा फरक असतो, आणि एकाच मांजरीतही ते दिवसागणिक बदलतं. त्यामुळे रंगावरून किंवा जातीवरून ‘ही मांजर बाधत नाही’ असं कुणी खात्रीने सांगत असेल तर विश्वास ठेवू नये. पूर्णपणे निर्धोक अशी मांजराची जात नाही.

शरीराची चुकलेली ओळख

‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द व्हिएन्नातले बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६मध्ये घडवला. शरीराची प्रतिक्रिया बदलते, वेगळी होते, एवढंच त्यांना त्यातून सांगायचं होतं. ती कशामुळे बदलते हे कळायला आणखी साठ वर्षं लागली. १९६६मध्ये अमेरिकेत काम करणाऱ्या किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने, आणि स्वतंत्रपणे स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेन्निख यांनी १९६७मध्ये, एका नव्या प्रतिपिंडाचा शोध लावला. १९६८मध्ये त्याला ‘आयजीई’ हे नाव मिळालं.

ही प्रतिपिंडं मुळात जंतांसारख्या परजीवींशी लढण्याच्या कामाची आहेत. काही माणसांचं शरीर मांजराच्या निरुपद्रवी प्रथिनालाच शत्रू समजून त्याविरुद्ध ती तयार करतं. नाकातल्या, डोळ्यांतल्या आणि श्वासनलिकांतल्या मास्ट पेशींवर ती चिकटून बसतात. पुढच्या वेळी प्रथिन आलं की पेशी फुटल्यासारख्या उघडतात आणि हिस्टामिन बाहेर पडतं. नाक गळतं, डोळे चुरचुरतात, शिंकांची सरबत्ती सुरू होते. श्वासनलिका आकसल्या तर धाप लागते.

ही ओळख पटायला वेळ लागतो. म्हणून मांजर घरी आल्यावर पहिले काही महिने, कधी वर्ष-दोन वर्षंही काहीच होत नाही, आणि मग एके दिवशी शिंका सुरू होतात. ‘इतके दिवस काही झालं नाही, म्हणजे मांजरीमुळे नसेल’ हा तर्क त्यामुळे टिकत नाही.

याच्या उलटही घडतं. अमेरिकेतल्या थॉमस प्लॅट्स-मिल्स यांनी २००१मध्ये दाखवलं की मांजराच्या भरपूर सहवासात असलेल्या काही मुलांच्या शरीरात आयजीईऐवजी दुसऱ्या प्रकारची, त्रास न देणारी प्रतिपिंडं बनतात आणि त्यांना सहनशीलता येते. पण ही सहनशीलता कुणाला येईल हे आधी सांगता येत नाही. ती कायमचीही नसते. घर सोडून दुसऱ्या शहरात शिकायला गेलेली मुलं सुटीत परतली की घरच्याच मांजरीने बेजार होतात, हा अनुभव डॉक्टरांच्या ओळखीचा आहे. म्हणून सवय लागावी यासाठी अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाच्या घरी मुद्दाम मांजर आणणं हा प्रयोग कुणी करू नये.

चेन्नईच्या हवेतले बाकीचे संशयित

२०२०च्या फेब्रुवारीत चेन्नई बंदरात एक मांजर सापडली. चीनहून खेळणी घेऊन आलेल्या कंटेनरमध्ये ती होती. करोनाची भीती पसरू लागली होती, त्यामुळे तिला परत चीनला धाडावं असा विचार सुरू झाला. प्राणिप्रेमी संस्थांनी हरकत घेतली आणि काही आठवड्यांनी, एप्रिलमध्ये, तिची सुटका झाली. संशय आधी आणि तपास नंतर, हा क्रम घराघरांतही असाच चालतो. घरात कुणी शिंकलं की पहिलं बोट मांजरीकडे जातं, कारण तीच दिसते.

चेन्नईत हा क्रम उलटा करणं विशेष गरजेचं आहे. शहर समुद्राकाठी आहे. सकाळची सापेक्ष आर्द्रता बहुतेक महिने ७० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून वर असते. ही हवा धुळीतल्या किड्यांना, म्हणजे माइट्सना, फार मानवते. हे किडे पाणी पीत नाहीत. हवेतला ओलावा शरीरात शोषून जगतात. हवा कोरडी झाली की ते सुकून मरतात, आणि चेन्नईत हवा क्वचितच तशी कोरडी होते. गाद्या, उशा, सोफे हे त्यांचं घर आणि आपल्या त्वचेची गळालेली साल हे त्यांचं अन्न. घरातल्या धुळीच्या अ‍ॅलर्जीमागे हे किडे आहेत, हे नेदरलँड्समध्ये लायडन इथे फोरहोर्स्ट आणि स्पीक्समा यांनी १९६४मध्ये दाखवून दिलं.

या किड्यांचं आणि मांजराचं प्रथिन यांत एक उपयोगी फरक आहे. किड्यांचे कण जड असतात. गादी झटकली की उडतात आणि थोड्याच वेळात खाली बसतात. म्हणून त्यांचा त्रास अंथरुणात आणि सकाळी उठताना जास्त होतो. मांजराचे कण सतत तरंगत असतात, त्यामुळे त्यांचा त्रास मांजराच्या खोलीत शिरल्यावर काही मिनिटांतच सुरू होऊ शकतो. मांजरीला कुरवाळलेला हात डोळ्यांना लागला आणि डोळे लाल झाले, तर तो इशारा अधिक स्पष्ट आहे.

माइट्सच्या जोडीला झुरळं असतात. स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली आणि मोरीच्या जाळीत राहणाऱ्या झुरळांची विष्ठा आणि अंगाचे तुकडे हेही अ‍ॅलर्जीचं मोठं कारण आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मोसमी पावसाचा काळ. त्यात भिंतींवर बुरशी धरते. २०१५च्या डिसेंबरातल्या पुरानंतर किंवा २०२३च्या मिचाँग चक्रीवादळानंतर ज्यांच्या घरात पाणी शिरलं, त्यांना ओल्या भिंतींचा तो वास चांगलाच ठाऊक आहे.

धुराचाही विचार करायला हवा. संध्याकाळी निखाऱ्यावर टाकलेली सांब्राणी (धूप), उदबत्ती, डासांची अगरबत्ती यांच्या धुराने अ‍ॅलर्जी होत नाही. पण आधीच सुजलेल्या श्वासनलिका त्याने भडकतात. आपल्याकडे भोगी म्हणजे तिळाची भाकरी आणि मिसळीची भाजी. चेन्नईत भोगीच्या पहाटे दारात जुन्या वस्तू जाळतात. २०१८च्या भोगीला धूर आणि धुकं एकत्र होऊन चेन्नई विमानतळावरची उड्डाणं खोळंबली होती. त्या आठवड्यात बळावलेला खोकला मांजरीच्या नावावर टाकणं अन्यायाचं होईल.

आणखी एक आजार या किनाऱ्याच्या विशेष ओळखीचा आहे. रात्री खोकला, छातीत शिट्टी, रक्तात इओसिनोफिल पेशी प्रचंड वाढलेल्या. अशा रुग्णांची नोंद फ्रिमोट-म्योलर आणि बार्टन यांनी १९४०मध्ये तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या मदनपल्लीजवळच्या आरोग्यवरम क्षयरोग रुग्णालयातून केली. १९४३मध्ये वाइनगार्टन यांनी त्याला ‘ट्रॉपिकल इओसिनोफिलिया’ असं नाव दिलं. पुढे कळलं की हा आजार हत्तीरोगाच्या, म्हणजे डासांतून पसरणाऱ्या, सूक्ष्म जंतांविरुद्ध फुप्फुसांनी दिलेली प्रतिक्रिया आहे. दिसतो तो दम्यासारखा, पण त्याचं औषध निराळं आहे, आणि ते वेळेवर मिळालं तर रुग्ण बरा होतो. रक्ताच्या अहवालात इओसिनोफिल जास्त दिसले म्हणून मांजरीला घराबाहेर काढलं, आणि आजार मात्र डासाने आणलेला होता, असं घडू शकतं.

म्हणून पहिलं पाऊल तपासणीचं. त्वचेवर थेंब टाकून सुईने हलकं टोचण्याची चाचणी, किंवा विशिष्ट आयजीई मोजणारी रक्ताची चाचणी, यांतून मांजर, माइट्स, झुरळं, बुरशी यांचा वेगवेगळा कौल मिळतो. त्वचेच्या चाचणीआधी काही दिवस अ‍ॅलर्जीच्या गोळ्या थांबवाव्या लागतात. त्या किती दिवस, हे डॉक्टर सांगतात. चाचणीचा कौल एकटा पुरेसा नसतो. त्रास केव्हा होतो, कुठे होतो, प्रवासात असताना कमी होतो का, याची महिनाभराची नोंदवही डॉक्टरांना चाचणीइतकीच उपयोगी पडते.

एक चाचणी मात्र घरी करू नये : मांजरीला आठ दिवस शेजारी ठेवून ‘फरक पडतो का’ हे पाहणं. अमेरिकेतल्या १९८९च्या एका अभ्यासात मांजर घरातून गेल्यानंतर धुळीतलं प्रथिन मांजर नसलेल्या घरांच्या पातळीवर यायला बहुतेक घरांत २० ते २४ आठवडे लागले. आठ दिवसांत काहीच सिद्ध होत नाही.

मात्रेचा हिशेब

समजा, चाचणी झाली आणि कारण मांजरच निघालं. माइट्सही निघाले, जे चेन्नईत बहुधा निघतीलच. आता कामाला लागायचं. त्रास सुरू होण्याची प्रत्येकाची एक पातळी असते. मांजर, माइट्स, झुरळं आणि धूर या सगळ्यांची मिळून बेरीज त्या पातळीवर गेली की शिंका सुरू होतात. बेरजेतला कोणताही आकडा कमी झाला तरी फायदा होतो. मांजरीला हात न लावता फक्त माइट्स आणि झुरळं आवरली, तरी काही घरांत एकंदर त्रास बराच कमी होऊ शकतो.

सुरुवात झोपायच्या खोलीपासून करावी. माणूस दिवसाचे सात-आठ तास तिथे श्वास घेतो. ज्याला त्रास आहे त्याच्या खोलीत मांजर नको. दिवसाही नको आणि रात्रीही नको. दार बंद ठेवावं. मांजर दारावर नखं घासते, ओरडते. घरातल्यांनी पहिले पंधरा दिवस निश्चयाने काढले की ती दुसरी जागा शोधते. गादीला आणि उशीला घट्ट विणीचं, चेन असलेलं आवरण घालावं. ते माइट्सनाही अडवतं. चादरी आणि अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात धुवावेत. मांजराचं प्रथिन साध्या पाण्यातही बरंच निघतं. माइट्स मरण्यासाठी मात्र पाणी ६० अंशांच्या आसपास हवं.

चेन्नईच्या घरांची एक जमेची बाजू आहे, ती म्हणजे फरशी. गालिच्यात गुळगुळीत जमिनीच्या तुलनेत सुमारे शंभरपट मांजराचं प्रथिन साठतं, असं १९९१च्या एका अभ्यासात दिसलं. पाश्चात्त्य देशांतल्या घरांना गालिचे काढण्याचा सल्ला द्यावा लागतो. आपल्याकडे मोझॅक किंवा टाइल्सची जमीन आधीच असते. ती कोरड्या केरसुणीने झाडली की साचलेलं पुन्हा हवेत उडतं, म्हणून रोज ओल्या फडक्याने पुसावी. जाड सोफ्याऐवजी लाकडी किंवा वेताच्या खुर्च्या आणि धुता येणारी उशी बरी. तमिळनाडूतली कोऱ्याच्या गवताची चटई, जिला ‘पाय’ म्हणतात, ओल्या फडक्याने पुसता येते आणि उन्हात वाळवता येते. अ‍ॅलर्जीच्या घराला कापसाच्या जाड गादीपेक्षा ती कधीही सोपी. गादी असेलच तर उन्हाळ्यात ती गच्चीवर, म्हणजे तिकडच्या शब्दांत ‘मोट्टै माडी’वर, कडक उन्हात टाकावी. मे महिन्यातल्या ‘अग्नी नक्षत्रा’च्या उन्हाचा हा एक चांगला उपयोग आहे.

हवेचं गणित जरा नाजूक आहे. उन्हाळ्यात एसी लावून घर चोवीस तास बंद राहिलं, तर तरंगणारे कण त्याच हवेत फिरत राहतात. एसीने आर्द्रता उतरते आणि माइट्स कमी होतात हे खरं, पण मांजराचं प्रथिन आतच राहतं. चेन्नईत उन्हाळ्यात दुपारी समुद्रावरून वारा सुटतो. तेव्हा तासभर समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या तर घरातली हवा बदलते. मात्र खिडकीला आणि बाल्कनीला मजबूत जाळी हवीच : डासांसाठी बारीक, आणि वरच्या मजल्यावरून मांजर पडू नये म्हणून भक्कम.

हेपा गाळणी असलेलं हवा शुद्ध करणारं यंत्र ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतं. ते झोपायच्या खोलीत ठेवावं. पण त्याच्यावर सगळा भार टाकू नये. १९९८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत या यंत्राने खोलीच्या हवेतलं मांजराचं प्रथिन घटलं, तरी रुग्णांच्या त्रासात स्पष्ट फरक दिसला नाही. कुठलाही एक उपाय पुरेसा नाही, हा त्याचा अर्थ. सगळे उपाय एकत्र आणि महिनोन्‌महिने सुरू ठेवले तरच बेरीज उतरते.

मांजरीला अंघोळ घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. धुतल्यावर तिच्या अंगावरचं प्रथिन घटतं खरं, पण १९९७च्या एका अभ्यासानुसार ही घट आठवडाभरही टिकत नाही. दर दोन-चार दिवसांनी मांजरीला पाण्यात बुडवणं तिला छळण्यासारखं आहे, आणि तिच्या कातडीलाही ते मानवत नाही. त्यापेक्षा ज्याला अ‍ॅलर्जी नाही अशा माणसाने बाल्कनीत बसून तिचे केस विंचरावेत, ओल्या मऊ फडक्याने अंग पुसावं, आणि तिचं अंथरूण दर आठवड्याला धुवावं. लिटरचा ट्रेही त्यानेच साफ करावा. त्रास असलेल्याने मांजरीला जवळ घ्यायलाच नको असं नाही. पण नंतर लगेच हात धुवावेत, चेहऱ्याला हात लावू नये, आणि मांजरीसोबत बसायचे कपडे वेगळे ठेवून ते घालून अंथरुणात जाऊ नये.

बोका असेल तर नसबंदी करावी. प्रथिन घटतं, मूत्र फवारण्याची खोड कमी होते आणि रस्त्यावर नवी पिल्लं जन्माला येत नाहीत. एका शस्त्रक्रियेत इतके फायदे या यादीतल्या दुसऱ्या कुठल्याच उपायात नाहीत.

माणसाचं औषध, मांजराचं अन्न

औषधांना घाबरण्याचं कारण नाही आणि ती मनाने घेण्याचंही नाही. सेटिरिझिन किंवा फेक्सोफेनाडिनसारख्या गोळ्या शिंका आणि खाज आवरतात. सतत चोंदणाऱ्या नाकावर नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा अधिक परिणामकारक ठरतो. तो रोज आणि योग्य पद्धतीने वापरावा लागतो. दमा असेल तर डॉक्टरांनी दिलेला पंप नियमित घ्यावा लागतो. ‘पंपाची सवय लागते’ या गैरसमजाने अनेकांचा दमा हाताबाहेर गेला आहे. पंपाचं औषध थेट फुप्फुसात आणि अगदी थोड्या मात्रेत जातं. हीच त्याची सुरक्षितता आहे.

शरीराची प्रतिक्रियाच बदलण्याचा प्रयत्न करणाऱ्या उपचाराला इम्युनोथेरपी म्हणतात. १९११मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात लेनर्ड नून यांनी गवताच्या परागांवर त्याची सुरुवात केली. ज्या पदार्थाचं वावडं आहे तोच अतिसूक्ष्म मात्रेत देऊन, ती हळूहळू वाढवत शरीराला सवय लावायची. हा उपचार साधारण तीन वर्षं चालतो. तीव्र प्रतिक्रियेचा धोका असल्याने इंजेक्शन तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यायचं असतं आणि त्यानंतर अर्धा तास तिथेच थांबायचं असतं. दमा आवाक्यात नसेल तर हा उपचार करत नाहीत.

नवं संशोधन मांजरीच्या बाजूनेही चाललं आहे. कोंबडीच्या अंड्यांत फेल डी १विरुद्ध प्रतिपिंडं तयार करून ती मांजरीच्या खाद्यात मिसळतात. लाळेतलं प्रथिन तिथेच निष्प्रभ होतं. १०५ मांजरींवरच्या, २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिसऱ्या आठवड्यापासून केसांवरचं सक्रिय प्रथिन सरासरी ४७ टक्क्यांनी घटलं. त्याच वर्षी झुरिकच्या संशोधकांनी मांजरीला टोचण्याच्या लशीचे निष्कर्ष मांडले. हे उपाय बेरजेतला एक आकडा कमी करतात. बाकीचे आकडे आपल्यालाच कमी करायचे आहेत.

दोन्ही जीवांचा वैद्य

तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी १७९८ ते १८३२ या काळात राज्य केलं. त्यांच्या धन्वंतरी महालात माणसांच्या औषधांबरोबर जनावरांच्या औषधांवरही काम होई. अ‍ॅलर्जीच्या घराला आज नेमकं हेच हवं : माणसाचा डॉक्टर आणि मांजरीचा डॉक्टर, दोघांचा सल्ला एकत्र. चेन्नईत हे अवघड नाही. १९०३मध्ये सुरू झालेलं मद्रास पशुवैद्यकीय महाविद्यालय आज वेपेरीत आहे. १९५९मध्ये स्थापन झालेली ब्लू क्रॉस ऑफ इंडिया ही संस्था याच शहरातली. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांतून १९६०चा प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवणारा कायदा झाला, आणि १९६२मध्ये स्थापन झालेल्या प्राणी कल्याण मंडळाचं मुख्यालय अनेक दशकं चेन्नईतच होतं.

त्या कायद्याचं इथे एक महत्त्व आहे. उपासमारीने किंवा तहानेने प्राण्याला यातना होतील अशा अवस्थेत त्याला विनाकारण सोडून देणं, हा त्या कायद्याने गुन्हा आहे. घरात वाढलेल्या मांजरीला मासळी बाजारात किंवा देवळामागे सोडून येणं हा अ‍ॅलर्जीवरचा उपाय होऊ शकत नाही. तिला शिकार करून जगण्याचा सराव नसतो, रस्ता ओलांडण्याचाही नसतो.

थांबायचं केव्हा

आता कठीण भाग. वरचं सगळं मनापासून सहा महिने केलं, औषधं नियमित घेतली, आणि तरीही मूल रात्री धापा टाकत उठतं. पंपाची गरज वाढत जाते. एकदा जरी दम्याच्या अटॅकने रुग्णालयात न्यावं लागलं, तर निर्णय बदलायला हवा. शिंकांशी तडजोड करता येते, श्वासाशी करता येत नाही. वारंवार सुजणाऱ्या श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊ शकतात. अशा वेळी मांजरीला दुसरं चांगलं घर शोधून देणं हा तिच्याशी द्रोह ठरत नाही. ओळखीचं, प्राणी सांभाळणारं कुटुंब शोधावं, तिची नसबंदी आणि लसीकरण पूर्ण करून द्यावं, तिचं अंथरूण आणि भांडं सोबत द्यावं. मुलाला मात्र ‘तुझ्यामुळे मांजर गेली’ असं कधीही म्हणू नये. मुलाला झालेला आजार हा त्याचा अपराध नाही.

आणि ज्यांनी अजून मांजर आणलेली नाही, त्यांनी एक करावं. घरातल्या कुणाला दमा असेल, नाक सतत वाहत असेल, तर पिलू आणण्याआधी तपासणी करून घ्यावी. मांजर पाळणाऱ्या मित्राकडे तीन-चार वेळा जाऊन तासभर बसावं. पिलाचे डोळे पाहिल्यावर निर्णय घेतला जातो आणि तो पंधरा वर्षं निभवावा लागतो. म्हणून आधीच विचार केलेला बरा.

ज्यांच्या घरात मांजर आधीच आहे, त्यांना एवढंच सांगणं आहे. आज संध्याकाळी दोष देण्याआधी एक वही घ्या आणि त्रासाची वेळ लिहायला सुरुवात करा. उद्या झोपायच्या खोलीचं दार मांजरीसाठी बंद करा. या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या. ही तीन कामं करून महिनाभर वाट पाहिलीत, तर मांजरीबद्दलचा निर्णय तुम्ही पुराव्यावर घ्याल.